चौथी 'ब'ची कोठी

"मॅडमच्या गिफ्टचं ना? हॅट्! चहा थंडा व्हाच्या आत सोडवतो मी थो प्रश्न!"

समुद्रपूरच्या बस स्टँडजवळ मोतीलालांचं भांड्यांचं दुकान आहे. तिथल्या गादीवर मांडी घालून त्यांनी हे सुनेला, म्हणजे अंजूला, ठणकावून सांगितलं. अंजूच्या हातातला फोन पकडलेल्या भुंग्यासारखा गुणगुणत होता. तिची चिनू ज्या वर्गात होती त्या चौथी 'ब'च्या पालकांचा ग्रुप पेटला होता!

कारण असं, की वर्गाच्या रक्षा मॅडम शाळा सोडून चालल्या होत्या. त्यांना सरकारी आश्रमशाळेत नेमणूक मिळाली होती, तीही त्यांच्या गावाजवळ, हिंगणीकडे. शनिवारी निरोप द्यायचा. आता निरोप म्हटला की भेट आली, भेट म्हटली की वर्गणी आली, अन् वर्गणी म्हटली की चाळीस घरांची चाळीस तोंडं.

"नीलेशभाऊ म्हणते, घरटी पाचशे काढा, चांदीची सरस्वती देऊ," अंजू वाचून दाखवत होती. "प्रमिलाबाई म्हणते, कायले पाह्यजे सरस्वती, मॅडमले पगार भेटत नाई काय? पन्नासच्या वर एक पैसा देत नाई. अन् एक जण सगळ्यायलेच अंगठा दाखवून राह्यला."

"अंगठा काऊन?"

"बरोबर आहे म्हणून, मामाजी."

"दोघायचंही बरोबर?"

"हो."

मोतीलालांनी कपाळावर हात मारला. त्यांना त्यांचे गुलाब गुरुजी आठवले. मोतीलाल चौथीत असताना गुरुजींची बदली झाली, तेव्हा कोणी वर्गणीबिर्गणी काढली नव्हती. ज्याच्या घरी जे होतं ते पोरं घेऊन आली. कोणी ओटीभर तुरीच्या शेंगा, कोणी वेलावरचं वाळूक, कोणी मापभर ज्वारी, तर एकानं आईला न विचारता घरची दुधाची चरवीच उचलून आणली होती. मोतीलालच्या वडलांनी दुकानातलं पितळी फुलपात्र दिलं होतं. गुरुजींनी तिथल्या तिथं शाळेच्या रांजणातलं पाणी त्यात घेतलं, गटागटा प्यायले अन् म्हणाले, "गोड लागते रे पोट्टेहो!" बस्स. त्या एका वाक्यावर वर्ग आठवडाभर खूश होता. कोणाचं किती, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

"तू टाक ग्रुपवर," मोतीलाल म्हणाले. "घरटी पन्नास द्या, वरचा खर्च मोतीलालचा. भांडं दुकानातून देतो अन् त्याच्यावर वर्गातल्या सगळ्या पोट्टेपोट्ट्यायची नावं घालून देतो!"

नावं घालायची हे म्हणताना त्यांच्या बोटांना कशी मुंग्या आल्यासारखी गुदगुली झाली. खरं सांगायचं तर सगळी गोम इथंच होती.

एक काळ होता, लग्नसराईत त्यांचं नावं घालायचं मशीन सकाळी 'टिर्रर्र' करून सुरू व्हायचं ते दिवेलागणीलाच थांबायचं. समुद्रपुरात असं घर नव्हतं की जिथल्या मांडणीवर मोतीलालचं अक्षर नाही. कुठं जेवायला गेले की ते आधी ताटाची कड वाचायचे. हे ताट मामाकडून, ही वाटी बारशाची, अन् हा गडवा, च्यामारी, हा तर शेजारच्या घरचा, नेऊन परत दिलेला नाही! अख्ख्या गावाची नातीगोती त्यांना भांड्यांवरून पाठ होती. आता लोक पाकीट देतात, नाही तर प्लास्टिकचे डबे. मशीन जुन्या टॉवेलात गुंडाळून फळीवर पडलं होतं. दिवाळीला पुसायचं अन् परत ठेवायचं.

रविवारी पालक मंडळी दुकानात जमली. मोतीलालांनी एक झकास फुलपात्र काढून मधोमध ठेवलं. अगदी आरशासारखं!

"एवढंसं?" प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या एका पोराची आजी. भाजी घेतानाही वांगं चारदा फिरवून पाहणाऱ्या. "याच्यावर चाळीस नावं? मुंगीले वाचा लागंन जी काकाजी!"

बरोबर होतं. मोतीलालांनी डबा काढला.

"डब्यावर माह्या पोराचं पूर्ण नाव येईल काय? बापाच्या नावासकट?" नीलेशनं विचारलं. नीलेशचं खतं-बियाण्यांचं कृषी केंद्र होतं आणि तो पाचशेची नोट हातात धरूनच आला होता. "अन् मी पाचशे देऊन राह्यलो तर अक्षर जरा ठळक असू द्या."

"मंग पन्नासवाल्यायचं काय टाचणीनं लिवता?" प्रमिलाबाई उसळल्या. "माहा नातू सावत्र आहे काय वर्गाले? सगळ्यायचं अक्षर सारखं! अन् त्याच्या नावात बापाचं घालता तर याच्याही घाला!"

"घालतो, सगळ्यायच्या घालतो!" मोतीलाल उत्साहात म्हणाले आणि डब्याच्या जागी पाणी भरायचा गुंड आला. गुंडाला पोट मोठं, पण वर गळा आणि खाली बूड. वाकड्या जागी कोणाचं नाव घालायचं? खाली कोणाचंच नको होतं. "बुडाले नाव म्हणजे चुलीवर पोरगं!" असं कोणीतरी म्हणालं अन् गुंड बाद झाला.

मग मोतीलालांनी दुकानाच्या मागच्या भागाकडे पाहिलं. तिथं धान्याची कोठी उभी होती. स्टीलची, झाकणवाली, छातीएवढी. चारी बाजूंनी सपाट, कोरी, चकचकीत! पाहताच त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. हलवायाला खव्याची परात दिसावी तसं त्यांना झालं.

"कोठी द्या!" ते ओरडलेच.

अंजूनं हळूच म्हटलं, "मामाजी, मॅडमची भाड्याची एक खोली आहे. माडीवर."

पण तोवर मंडळींनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"जागा उरतेच आहे," नीलेश जाताजाता म्हणाला, "तर खाली 'नीलेश कृषी केंद्र' अन् माहा मोबाईल नंबर टाकून देजा. पाचशे परत नका करू." मोतीलालांनी नोट परत केली, पण नंबर टाकायचं कबूल केलं. तेवढीच चार अक्षरं जास्त!

पुढचे दिवस कसे गेले ते मोतीलालांनाच ठाऊक. टॉवेल निघाला, मशीनला तेल पडलं आणि दुकानात पुन्हा 'टिर्रर्र' सुरू झालं. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "काय काकाजी, कोनाचं लगन?" मोतीलाल नुसते हसायचे. चि. अमुक, कु. तमुक, एकेक वेलांटी लफ्फेदार. जेवायला बोलावलं तरी उठत नव्हते. शेवटी सगळ्यात वर 'रक्षा मडावी यांना सप्रेम भेट' एवढं घातलं. त्याच्यापुढं 'इयत्ता चौथी ब' घालायचं होतं, पण त्या ओळीत जागाच संपली. जाऊ दे, मॅडमना का माहीत नाही?

शनिवारी कोठी शाळेच्या दारात आली आणि दारातच अडली. आडवी करून पाहिली, तिरपी करून पाहिली, मुख्याध्यापकांनी दाराची एक फळी काढायचाही हुकूम दिला. शेवटी निरोप समारंभ अंगणात घ्यावा लागला. रक्षा मॅडम बाहेर आल्या, त्यांनी कोठीकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. मोतीलालांना वाटलं आनंदानं. मॅडम मनात माडीचा जिना मोजत होत्या.

"काकाजी... हे माझ्या खोलीत..."

"खोलीत कायले? कोठी तुमच्या हिंगणीच्या घरी पोचवून देतो! मी स्वतः!"

मॅडमना ऑर्डरच्या कामासाठी सोमवारी वर्ध्याच्या ऑफिसात जायचं होतं. तिथून त्या संध्याकाळच्या बसनं घरी पोचणार होत्या. ठरलं. सोमवारी मोतीलालांनी गोपालचा छोटा टेम्पो केला, कोठी दोरांनी बांधली, आणि स्वारी जाम, वर्धा, सेलू करत निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी कमरेला आली होती. सेलू सोडलं तसा बोरच्या जंगलाचा हिरवा काठ दिसायला लागला. ऊन कोठीवर पडून असं लखलखत होतं, की समोरून येणारे मोटारसायकलवाले डोळ्यांवर हात धरत होते.

हिंगणीजवळच्या त्या वस्तीत टेम्पो शिरला अन् अर्धी वस्ती मागं धावली. मॅडमच्या आई सखूबाई अंगणात शेंगा वाळवत होत्या. त्यांचे मोठे भाऊ तानबा, म्हणजे मॅडमचे मामा, पडवीत चष्मा लावून दोर वळत बसले होते.

"रक्षासाठी आणलं जी!" मोतीलाल टेम्पोतून उतरता उतरता म्हणाले. डोक्यावर धुतलेली टोपी, अंगात ठेवणीतला कोट. "आमच्या सगळ्यायकडून!"

तानबांनी कोठीकडे पाहिलं. टोपीकडे पाहिलं. मग बहिणीकडे. दोघं आपसात गोंडीत काहीतरी बोलले. मोतीलालांना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण सूर गोड वाटला.

"बसा जी, बसा!" तानबांनी खाट टाकली. "पोरगी पसंत आहे ना मंग तुमाले?"

"पसंत? सोनं आहे सोनं!" मोतीलाल म्हणाले. "आमच्या घरी तर सकाळ-संध्याकाळ तिचंच नाव!"

सखूबाईंनी पदर डोळ्याला लावला. "आमाले तर पोरीनं काईच सांगतलं नाई..."

"सांगाची लाज वाटली असंन. तशी लाजाळूच आहे."

"अन् देनं-घेनं?" तानबांनी खाकरून विचारलं.

"छ्या! घ्याची गोष्टच काढू नका. आम्ही तर द्याले आलो!"

झालं! बाया घरात पळाल्या. कोठीला हळदकुंकू लागलं. शेजारणी गोळा झाल्या आणि एकीनं गाणं सुरू केलं. एक कोंबडी अंगणातून जिवाच्या आकांतानं पळाली आणि तिच्यामागं तिघं. मोतीलाल गळ्यातली तुळशीची माळ दाखवत ओरडले, "नाई जी नाई! मले चालत नाई!" तेव्हा ती वाचली. आधी गोड चहा, मग गरम भाकर, पिठलं, वर ठेचा आला. मोतीलाल पोटभर जेवले. गुरुजनांचा हा मान पाहून त्यांचा ऊर भरून आला. मास्तरणीच्या शाळेतून आलेल्या माणसाला एवढं! जुनी माणसं अजून आहेत, असं म्हणत ते खाटेवर लवंडले आणि घोरायला लागले. गोपाल टेम्पो घेऊन धरण पाहायला निघून गेला.

पुढचं मोतीलालांना मागाहून कळलं.

तानबांनी चष्मा पुसून कोठी वाचायला घेतली. चि. अमर, चि. धीरज, कु. हे, कु. ते... "बापा! केवढं मोठं खटलं आहे हे! सारे घरचेच!" वाचत वाचत ते खाली आले. खाली नाव होतं नीलेश, त्यापुढची अक्षरं हळदकुंकवाखाली झाकलेली, आणि मोबाईल नंबर. बाकी कोणाचाच नंबर नाही, याचाच! म्हणजे हाच नवरदेव. तानबांनी फोन लावला.

"हॅलो, नीलेश बोलतो!"

"नमस्कार जी. हिंगणीहून बोलून राह्यलो. कोठी पोचली."

"वा, वा! नंबर दिसला ना बरोबर?" नीलेशला गिऱ्हाईक लागलं होतं! "बोला, शेती किती आहे तुमच्याकडे?"

तानबांचा चेहरा जरा उतरला. "हाय तीन एकर."

"बस तीन? ओलिताची आहे की कोरडी?"

तानबांनी फोनवर हात ठेवला. "सखू, थो शेती इचारून राह्यला वं!" सखूबाईंच्या हातातला गडवा खाली पडला.

"हे पाहा जी," तानबा आवाज चढवून म्हणाले, "तुमचा मानूस त म्हनला का काईच घ्याचं नाई!"

"घ्याची जबरदस्ती नाईच. मी स्वतः येतो, पाहतो, पसंत पडलं तर तिथंच बुकिंग! आता मले सांगा, पहिले कोणाचं वापरलं काय?"

"काय बोलता!"

"भडकता काऊन? आजकाल सगळे दोन-तीन करून पाह्यते. थांबा, भाव बायकोले पुसून सांगतो."

"बायको? बायको आहे तुमाले?"

"आहे ना! पैशाचं सारं तिच्याच हाती!"

मोतीलाल जागे झाले ते कानाजवळ स्फोट झाल्यासारख्या आवाजानं. खाटेभोवती अख्खी वस्ती उभी होती. गाणं बंद पडलं होतं. तानबांच्या हातात दोर होता, तो वळतानाचाच होता, पण मोतीलालांना तो वेगळाच वाटला.

"उठा सोयरे! बायको असल्यावर दुसरी करता? अन् वरून शेती मांगता?"

"कोण? मी?" मोतीलाल घाबरून टोपी शोधायला लागले. "माही बायको तर जाऊन बारा वर्षं झाली जी!"

"म्हंजे तुमीच नवरदेव?"

"मी! अहो, मी भांडेवाला!"

सखूबाई रडायला लागल्या. कोणी म्हणालं कोठी परत द्या, कोणी म्हणालं पोलीस पाटलाला बोलवा. मोतीलाल 'शाळा, पोट्टे, चौथी ब' असं काहीबाही सांगत होते, पण कोठीवर शाळेचं नावच नव्हतं! अन् जेवलेलं पिठलं पुराव्यासारखं त्यांच्या कोटावर सांडलेलं होतं. वय काय आपलं, अन् काय ही वेळ! इथून धक्के मारून हाकललं तर समुद्रपुरात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. आणि बिचाऱ्या मॅडमचं गावात काय होईल?

तेवढ्यात बस आली. रक्षा मॅडम खांद्याला पिशवी अडकवून वस्तीत शिरल्या. गर्दी, हळदकुंकू लावलेली कोठी, रडणारी आई, अन् खाटेवर उभे राहिलेले मोतीलाल!

"काय झालं?"

सगळ्यांनी एकदम सांगितलं. मराठीत, गोंडीत, रडून, ओरडून. मॅडम ऐकत गेल्या. आधी त्यांचा चेहरा लाल झाला, मग ओठ थरथरले आणि मग त्या अशा हसत सुटल्या, की पिशवी टाकून ओट्यावरच बसल्या. हसत हसतच त्यांनी मामाला समजावलं. तानबांनी दोर खाली ठेवला, चष्मा काढला अन् म्हणाले, "म्हंजे हे सारे पोट्टे तुह्या वर्गातले? मंग थो शेतीवाला?"

"तो खत विकतो, मामा!"

अंगणात हशा पिकला. सखूबाईंनी मोतीलालांना पुन्हा चहा दिला, या वेळी जरा कमी साखरेचा.

मॅडम उठून कोठीजवळ गेल्या. त्यांनी नावांवरून बोट फिरवायला सुरुवात केली आणि नकळत हजेरीच्या सुरात वाचायला लागल्या. अमर. याला पाढे म्हणताना डोळे मिटायची सवय. धीरज. हा रोज डब्यातली चटणी माझ्यासाठी राखून ठेवायचा. एकेका नावाशी थांबत त्या हळूहळू कोठीभोवती फिरल्या. मोतीलालांना आपलं अक्षर इतकं सुंदर कधी वाटलं नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो नावं घातली, पण असं कोणी बोटानं वाचलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना कोटाच्या बाहीनं डोळे पुसावे लागले.

मॅडम फिरून पुन्हा पहिल्या नावाशी आल्या. थांबल्या.

"काकाजी, तुमची चिनू कुठं आहे?"

"घरी आहे ना, अंजूपाशी."

"नाही, कोठीवर."

मोतीलाल कोठीभोवती फिरले. उलटे फिरले. झाकण काढून आत पाहिलं. बाकी एकोणचाळीस घरांची पोरं होती, नीलेशचं कृषी केंद्र होतं, मोबाईल नंबर होता, पण ज्या नातीसाठी हा सगळा उद्योग केला तिचंच नाव नव्हतं!

"आत्ता घालतो!" ते म्हणाले. मशीन समुद्रपुरात होतं, पण मोतीलाल का घाबरणार? त्यांचे वडील छिन्नी-हातोडीनं ठोकून नावं घालायचे. "तानबाजी, एक मोठा खिळा द्या अन् एक दगड!"

सगळी वस्ती वाकून पाहायला लागली. मोतीलालांनी बाह्या सरसावल्या, जागा पाहिली, खिळा टेकवला आणि वडलांचं स्मरण करून दगड हाणला.

फट्!

खिळा डोक्यापर्यंत आत गेला. ओढून काढला, तर कोठीला वाटाण्याएवढं भोक.

मोतीलाल भोकाकडे बघत राहिले. भोकातून आतला अंधार त्यांच्याकडे बघत राहिला.

"राहू द्या काकाजी," मॅडम हळूच म्हणाल्या, "चिनूचंच आहे हे. वर्गातलं एकूण एक गुपित तिच्यातूनच बाहेर गळायचं."

गोपाल धरण पाहून आला तसे मोतीलाल टेम्पोत बसून निघाले. घरी पोचले तेव्हा अंजू दारातच उभी होती.

"पोचली काय मामाजी नीट? अन् चिनूचं नाव बरोबर दिसते ना?"

मोतीलालांनी टोपी काढून खुंटीला लावली.

"दिसते म्हणजे!" ते म्हणाले. "आरपार दिसते."